चिंगीच्या जत्रेची ओहोटी

चिंबोरीला पापण्या नसतात. तिचे डोळे दोन छोट्या दांड्यांवर बसलेले असतात, आणि वाळू उडाली किंवा धोका वाटला की ती त्या दांड्या आडव्या करून कवचाच्या कडेच्या खाचेत अलगद ठेवून देते, चष्मा डबीत ठेवावा तशी. मोबाइलच्या पडद्यावरच्या चिंबोरीने मात्र पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या आणि डाव्या पापणीखालून एक टपोरा थेंब गालावर ओघळू दिला. मानसीने चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा पाहिलं. पापण्याच होत्या. गालही होता.

मानसी अलिबागच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत असे आणि रेवदंड्याहून रोज रिक्षाने जात-येत असे. कार्टून बघणाऱ्यांपैकी ती नव्हे. पण हा भाग शेजारच्या जुनेराने लिहिला होता आणि तिनेच दिग्दर्शित केला होता. जुनेरा लहानपणापासून मानसीच्या ओटीवर वाढलेली आणि पुढे तिच्याच वर्गात बसलेली. तेव्हा बघणं भाग होतं.

मूळ मालिकेचं नाव 'बंदरावरची टोळी'. त्यात एक बोका तांडेल असतो, त्याचे खलाशी असतात आणि मागे कुठेतरी, जाळ्यांच्या ढिगावर, चिंगी नावाची एक चिंबोरी बसलेली असते. तिच्या वाट्याला प्रत्येक भागात जेमतेम दोन वाक्यं. पण पोरांना काय आवडेल याचा नियम अजून कुठल्याच शास्त्राला सापडलेला नाही. पोरांना चिंगीच आवडली. मग मुंबईच्या स्टुडिओने तिला वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं: 'चिंगीचं बीळ'. त्यातला 'पुनवेची जत्रा' हा भाग जुनेराचा.

गोष्ट साधी होती. चिंगीने नुकतीच कात टाकलेली, अंग मऊ पडलेलं, त्यामुळे चारचौघांत जायची तिला लाज वाटते. आणि नेमकी त्याच रात्री वाळूवर खेकड्यांची जत्रा. शंखात राहणारा एक म्हातारा खेकडा तिला आपला शंख एका रात्रीपुरता देऊ करतो आणि स्वतः उघडाबोडका एका करवंटीत जाऊन बसतो. मध्येच एक दुष्ट ऑक्टोपस काही कारण नसताना येतो आणि एका गाण्यानंतर, तितक्याच विनाकारण, माफी मागतो. गाणं लांबलेलं. चिंबोऱ्या सरळ नाकासमोर चालतात. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, पुनवेचा चंद्र मध्यरात्री डोक्यावर असताना जत्रा भरते ती कोरड्या ठणठणीत वाळूवर.

या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पुनवेला ती मध्यरात्रीच्या आसपास येते, आणि तीही उधाणाची. म्हणजे जुनेराच्या जत्रेतली जिलेबीची दुकानं, पाळणे आणि ढोलवाले हे सगळे पुरुषभर पाण्याखाली असायला हवे होते.

"दोन ओळी लिहा ना मॅडम पोरीला," अतियाभाभी, म्हणजे जुनेराची आई, कुंपणावरून सांदणांची वाटी देत म्हणाल्या. "आळीच्या ग्रुपवरच टाका. सगळे वाचतील."

मानसीने दोन ओळी लिहिल्या नाहीत. तिला दोन ओळी लिहिता येत नसत. वीस वर्षं प्रयोगवह्या तपासल्यामुळे तिच्या हाताला एक क्रम लागला होता: आधी चुका, मग शेरा. तिने लिहिलं, 'भाग पाहिला. निरीक्षणे खालीलप्रमाणे.' पापण्या झाल्या, चाल झाली, ऑक्टोपस झाला, भरती झाली. शेवटी शेरा: 'बाकी भाग बरा आहे.'

आता मानसीचं 'बरा' म्हणजे काय, हे तिच्या घरच्यांना ठाऊक होतं. मुलगा बघून झाल्यावर रत्नपालबद्दल विचारलं तेव्हाही ती 'बरा आहे' एवढंच म्हणाली होती, आणि त्या एका शब्दावर रत्नपाल आजतागायत संसार करत होता. पण आळीला ते कुठून कळावं? शिवाय लांबलचक मजकूर मोबाइल अर्ध्यावर कापतो आणि खाली 'अधिक वाचा' असं निळं लिहितो. आळीत अधिक वाचणारं कोणी नव्हतं. सगळ्यांनी ऑक्टोपसपर्यंत आणि भरतीपर्यंत वाचलं आणि फोन खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी सोनाबाई कोळीण दारात आली. टोपली उतरवून तिने एक जिवंत चिंबोरी मानसीच्या नाकासमोर धरली. "मॅडम, हिच्या पापन्या बघून घ्या. मागनं तकरार नको."

"सोनाबाई, मी फक्त निरीक्षण नोंदवलं."

"नोंदवा की. माजी नात अमिषा रडत व्हती. बोलते, मॅडमनी चिंगीला नापास केली."

मानसी ओशाळली. नापास तर तिने कोणालाच केलं नव्हतं. तसं पाहिलं तर गुणसुद्धा दिले नव्हते. पण हा खुलासा करणार कोणाकडे, आणि चिंबोरी हातात असताना करणार कसा? तिने मुकाट्याने दोन चिंबोऱ्या घेतल्या. रत्नपालने त्या रात्री रस्सा ओरपताना एवढंच विचारलं, "बरा झालाय ना?"

इथे प्रकरण मिटलं असतं. पण आठवड्याभराने जुनेराचा फोन आला. जुनेरा तिला मावशी म्हणायची. आज ती म्हणाली, "मॅडम."

"बोल गं."

"तुमचं ते मी आमच्या स्टुडिओतल्या सरांना दाखवलं. भरतीचं. सगळंच दाखवलं, लपवलं काही नाही. आता हे भाग टीव्हीवर जायचेत ना, सर म्हणाले, चूक असेल तर जत्रेचा तुकडा काढून टाकू, त्या जागी पहिल्या भागातलं गाणं डकवू. पुन्हा चित्रं काढायला वेळ नाही. नाहीतर आहे तसं जाऊ दे. मला विचारतायत, काय करू."

"मग तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? वर्गात तुम्हीच शिकवलंत, चूक दिसली की खोडायची. तुम्ही सांगा. काढू की ठेवू? तुम्ही म्हणाल ते मी सरांना सांगते."

मानसी म्हणाली, "विचार करून सांगते."

आणि ती खरोखरच विचार करायला बसली. हीच तिची खोड. जत्रा काढली तर भागात उरतं काय? कात टाकलेली चिंबोरी, विनाकारण ऑक्टोपस आणि दुसऱ्या भागातून उसनं आणलेलं गाणं. करवंटीत बसलेला म्हातारा जत्रेतच होता, त्यामुळे तोही जाणार. ठेवली तर? किनाऱ्यावरची पोरं टीव्हीवर बघणार, पुनवेच्या रात्री वाळू कोरडी असते. उद्या एखादं पोर त्या भरवशावर वाळूत उतरलं तर? ही काही पापण्यांची गोष्ट नव्हती. पापण्यांनी कोणी बुडत नाही.

एक गोष्ट मात्र तिने कोणालाच सांगितली नव्हती. तो भाग तिने तीनदा पाहिला होता. तिन्ही वेळा म्हातारा करवंटीत जाऊन बसला, तेव्हा चुका टिपायला हातात घेतलेलं पेन तसंच राहिलं होतं.

जुनेराला निर्णय हवा आहे ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. मग आळी सल्ले घेऊन आली. कोणी म्हणालं, पोरीचं नुकसान करू नका. कोणी म्हणालं, शास्त्र ते शास्त्र, मॅडमनी माघार घ्यायची नाही. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी सुचवलं की जत्रा अमावास्येला हलवावी. अमावास्येलाही मध्यरात्री उधाणच असतं हे मानसीने सांगितल्यावर ते नाराज होऊन गेले. रिक्षावाल्यानेसुद्धा चौलच्या नाक्यावर गाडी हळू करून विचारलं, "मॅडम, मग चिंगीचं काय करायचं ठरवलंत?" मागच्या सीटवरच्या अनोळखी बाईने मानसीकडे असं पाहिलं, जणू चिंगी ही घरातली उपवर मुलगी असावी आणि मानसी तिची सावत्र आई.

शेवटी जुनेराचे वडील मकसूदभाई आले. बावीस वर्षं कुवेतला काढून गेल्या वर्षी ते कायमचे घरी परतले होते आणि रिकाम्या हातांना काम शोधत होते.

"मॅडम, पोरीच्या कामाची बेइज्जती झाली असं मी म्हणत नाही," ते म्हणाले, म्हणजे तेच म्हणाले. "पण जत्रा कापणार असाल, तर कापायच्या आधी अख्ख्या गावाला मोठ्या पडद्यावर दाखवू. जुनेरा येतेय शनिवारी. रविवारी सकाळी तिला साहेबांना जबाब द्यायचाय. तोवर तुमचाही विचार होईल."

त्या शनिवारी कुठे दाखवायचं, यावरून मकसूदभाईंच्या चपला झिजल्या. शाळेच्या मैदानावर परीक्षेचा मांडव. समाजमंदिरात रंगकाम. मग किनारा. पण किनारा एकाचा नव्हता. भरतीरेषेच्या वरची वाळू एका कार्यालयाची, खालची दुसऱ्याची. वरच्या कार्यालयाने सुरूच्या झाडांचं कारण सांगून अर्ज तिसऱ्याच टेबलावर पाठवला, तिथले साहेब रजेवर. खालच्या कार्यालयातले साहेब आनंदी होते. त्यांनी हसत हसत सही दिली. परवानगीत स्पष्ट लिहिलं होतं: कार्यक्रम भरतीरेषेच्या खालीच करावा.

"म्हणजे पाण्यात?" रत्नपालने विचारलं. तो स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे त्याला नवल वाटलं नव्हतं, फक्त खात्री करून घ्यायची होती.

"पाण्यात कशाला?" मकसूदभाई म्हणाले. "आमच्या आजोबांची गलबतं होती. हिशोब आमच्या रक्तात आहे. शनिवारी चांद अकरावा. अकराची पाऊणपट, सव्वाआठ. सव्वाआठला पाणी भरून उतरायला लागणार. त्या वेळी पाणी जिथे असेल, त्याच्या दहा पावलं वर पडदा लावायचा. पुढे एक बोटभर येणार नाही."

मानसीने तोंड उघडलं. पाऊणपट तिथीची करतात. चांदाची तारीख कोर दिसल्यापासून मोजतात, त्यामुळे ती तिथीच्या मागे एक-दोन दिवस रेंगाळते. आजोबा तेवढे दिवस आधी मिळवून मग पाऊणपट करत असणार, पण ते मिळवणं बहुधा कुवेतला राहून गेलं होतं. शनिवारी त्रयोदशी. पाणी पावणेदहापर्यंत चढतच राहणार.

पण तेवढ्यात दारातून अतियाभाभी म्हणाल्या, "मॅडम, एक मागू? शनिवारी संपेपर्यंत एकही चूक काढू नका. कसलीच. पोरगी दोन वर्षांनी चार दिवस येतेय."

मानसीने तोंड मिटलं. "नाही काढणार," ती म्हणाली. शब्द दिला की दिला. मग घरी येऊन तिने वाळूचा उतार, उधाणाची उंची आणि पडद्याची जागा यांचा कागदावर हिशोब मांडला. घोट्यापर्यंत, फार तर पोटरीपर्यंत. प्रोजेक्टर टेम्पोच्या हौद्यात, बॅटरीवर, तोही वर सुरूंपाशी. कोणाच्या जिवाला धोका नाही. तिने कागद फाडून टाकला आणि शनिवारसाठी जुन्या चपला काढून ठेवल्या.

शनिवारी सव्वाआठला समुद्राकडे दोन बांबू रोवून पांढरी चादर ताणली होती. समोर भाड्याच्या खुर्च्यांच्या रांगा, पुढे पोरं वाळूवर, मागे टेम्पो. मकसूदभाईंनी पाण्याकडे बोट दाखवून जाहीर केलं, "बघा, उतरायला लागलं." मानसीने पाहिलं. फेस वर सरकत होता. तिने शेजारी बसलेल्या सोनाबाईकडे पाहिलं. सोनाबाईने समुद्राकडे पाहिलं, मग मानसीकडे, आणि पदर ओठांवर धरला. आजूबाजूची कोळी मंडळीही पाण्याकडे बघून गप्प होती. मानसीच्या लक्षात आलं की हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण तिच्या त्या निरीक्षणांनंतर चूक काढणं हा प्रकारच आळीत बदनाम झाला होता.

आधी सत्कार. सरपंचांनी जुनेराला शाल आणि नारळ दिला आणि गावच्या पर्यटनावर भाषण केलं. पोस्टमास्तरांनी भाषण केलं. पाणी बांबूंच्या बुंध्याशी आलं, तेव्हा मकसूदभाई आभार मानत होते. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि आणखी दोघांचे आभार मानले.

भाग सुरू झाला. चिंगीने पापण्या मिटल्या. पहिल्या रांगेतल्या पोरांच्या बुडाखालची वाळू ओली झाली. ती उठून चार हात मागे बसली. मग पहिल्या रांगेतल्या खुर्च्या उचलल्या गेल्या आणि मागे ठेवल्या गेल्या, त्यामुळे दुसरी रांग मागे, मग तिसरी. कोणी काही बोललं नाही. ऑक्टोपस आला. सगळं गाव पुन्हा एकदा उठलं, मागे सरकलं आणि बसलं, नजर पडद्यावर ठेवून, जणू प्रार्थनेतच तसं करायचं असतं. मानसीही सरकली. सरपंच आपल्या खास खुर्चीमुळे जागचे हलले नाहीत आणि त्यांचे बूट भिजले, तरी तेही बोलले नाहीत. दोन खुर्च्यांपलीकडे अतियाभाभी डोळे मिटून बसल्या होत्या. जुनेरा पडद्याच्या बांबूपाशी उभी होती. तिची नजर पडद्यावर नव्हती. मानसीवर होती.

गाणं संपता संपता डावा बांबू कलंडला. चादर तिरपी झाली, जत्रेची पहिली पणती पाण्यात गेली. टेम्पोवाल्याने प्रोजेक्टर बंद करायला हात घातला.

"ओ, बंद नका करू," अमिषा ओरडली आणि पाण्यात धावली. तिच्यामागून आठ-दहा पोरं धावली. त्यांनी बांबू धरला. दुसरा बांबू जुनेराने धरला. चादर सरळ झाली. चंद्र खऱ्या आभाळातही होता आणि चादरीवरही. आणि चादरीवरच्या वाळूत, कोरड्या ठणठणीत वाळूत, जत्रा भरली.

मानसी नकळत पुढे गेली होती. पाणी तिच्या पोटरीला लागलं. तिला पोरांचं बोलणं ऐकू येत होतं.

"पुनव हाय ना रे? मग पानी कुठं हाय?"

"चुकलंय. जिलेबीवाला बुडाला पायजे."

"पाळना बी."

"आमी तर आजीला इचारल्याबिगर वाळूत उतरत बी न्हाय."

"गप ना, म्हातारा येतोय."

आणि पोरं गप झाली. म्हाताऱ्याने शंख उतरवला. उघड्या अंगाने, मागे मागे सरत, तो करवंटीत बसला आणि जत्रेकडे बघत राहिला. गुडघाभर पाण्यात उभी असलेली पोरं बांबूला गच्च धरून, मान वाकडी करून, चादरीच्या कडेवरून त्याच्याकडे बघत होती. एक लाट आली. अमिषाचा फ्रॉक कमरेपर्यंत भिजला. बांबू हलला नाही.

मानसीच्या मनातला तो एक प्रश्न, ज्याने तिला इतके दिवस गप्प ठेवलं होतं, त्याचं उत्तर समोर पाण्यात उभं होतं. पोरं काही भरतीचं शिकायला चिंगीकडे येत नव्हती. त्यासाठी त्यांच्या आज्या होत्या.

भाग संपला. चादर अंधारी झाली. मागून टाळ्या आल्या, मग मकसूदभाईंचा आवाज आला, पडलेला. "मॅडम, पाणी तर... हिशोबात कुठेतरी गडबड झाली बहुतेक."

सगळं गाव मानसीकडे बघत होतं. अतियाभाभींनी डोळे उघडले होते.

जुनेरा बांबू सोडून पाण्यातून तिच्याकडे आली. सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, शालीचं एक टोक लाटेवर तरंगत होतं. "सकाळी सरांना सांगायचंय," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, पण मॅडम म्हणायचं तिने टाळलं होतं, आणि मावशीही म्हणाली नव्हती. "काढू की ठेवू?"

सवयीने मानसीच्या ओठांवर 'विचार करून सांगते' आलं. ते तिने गिळलं.

"ठेव," ती म्हणाली. मग मागे टेम्पोपर्यंत ऐकू जावं म्हणून, वर्गात बोलायची तशी, पुन्हा म्हणाली, "जत्रा आहे तशी ठेव, जुनेरा. त्यातलं काहीही काढायचं नाही."